लॅपटॉपवर हेडफोनचा आवाज सुधारायचाय? पाकीट शेवटी काढा

रविवारी सकाळी भाचा दारात. नाशिकच्या गंगापूर रोडला कॉट बेसिसवर राहतो, इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष, हातात मोठ्या भावाकडून उतरलेला लॅपटॉप. "मावशी, चल ना प्रधान पार्कच्या बाजारात. डॅक घ्यायचाय."

"पैसे किती आहेत?"

"दोन हजार. सगळे घालवायचे नाहीयेत पण."

"आणि डॅक कशाला?"

"अगं, गाणी डब्यात कोंबल्यासारखी वाजतात. एका व्हिडिओत सांगितलं, लॅपटॉपचं साउंड कार्डच बेकार असतं म्हणून."

त्याला आत बसवलं, चहा टाकला आणि लॅपटॉप उघडायला सांगितलं. तासाभरात एक रुपया न घालवता त्याची निम्मी तक्रार मिटली. उरलेल्या निम्मीला पैसे लागले, पण ते डॅकवर गेले नाहीत. त्या दिवशी आम्ही जे जे केलं ते त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. क्रम चुकला की पैसे वाया जातात, आणि माझे भरपूर गेले आहेत. मी घरून रेकॉर्डिंग ऐकून मजकूर टाइप करायचं काम करते, रोज पाच-सहा तास कानात काही ना काही असतं. पहिल्याच वर्षी मी '७.१ सराउंड' छापलेली एक यूएसबी साउंड स्टिक, सोनेरी टोकांची एक वायर आणि गेमिंगचा एक भलामोठा हेडफोन घेऊन बसले होते. तिन्ही आता माळ्यावर आहेत.

डॅक म्हणजे काय, तेवढं आधीच सांगते. लॅपटॉपमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं. त्या आकड्यांचा वायरीतून जाणारा विजेचा संदेश करणारा भाग म्हणजे डॅक. तो तुमच्या लॅपटॉपमध्ये आहेच, बहुधा रिअलटेकच्या चिपमध्ये. गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपमध्ये तो दोन हजारांच्या हेडफोनला पुरून उरेल इतका चांगला असतो. बिघाड असतो तो सहसा त्याच्या पुढे किंवा मागे.

आधी तीन रेकॉर्डिंग ठरवा

आवाज सुधारला की नुसता बदलला, हे कानाला पटकन कळत नाही. जरा मोठा झाला तरी चांगला झाल्यासारखा वाटतो. म्हणून दर वेळी तीच तीन रेकॉर्डिंग लावायची, आणि आवाजाची पातळीही शक्यतो तेवढीच ठेवायची.

पहिलं, एखादं जुनं मोनो रेकॉर्डिंग. मी पं. द. वि. पलुस्करांचं लावते. ते जन्माने नाशिकचेच, १९२१ सालचे. १९५५ साली गेले, म्हणजे त्यांचं गाणं स्टिरिओ घरोघरी पोचण्याआधीचं. मोनोमध्ये दोन्ही कानांना तंतोतंत एकच आवाज जातो, त्यामुळे गाणारा बरोबर डोक्याच्या मधोमध बसल्यासारखा वाटला पाहिजे. एका बाजूला सरकला तर काहीतरी बिघडलंय. मात्र काही अपलोडमध्ये नंतर कोणीतरी कृत्रिम घुमारा घातलेला असतो, ते घेऊ नका. भाच्याने ऐकताच विचारलं, "ही मागे खरखर येतेय ती?" ती तबकडीची. ती कितीही पैसे घातले तरी जाणार नाही, आणि तिच्यामुळे नवा हेडफोन घ्यायला धावणारे लोक मी पाहिले आहेत.

दुसरं, नाशिक ढोलाचं एखादं बरं रेकॉर्डिंग. मिरवणुकीत कोणीतरी मोबाइलवर घेतलेलं नको, त्यात मूळ आवाजच फाटलेला असतो. ढोलाचा खालचा घुमार आणि ताशाचा कडकडाट, दोन्ही टोकं एकाच वेळी मिळतात. ढोल छातीत जाणवायला हवा, पण त्याच्या धम्माखाली ताशा बुडता कामा नये.

तिसरं, साधं बोलणं. एखादं व्याख्यान, बातम्या, काहीही. ज्याचा आवाज तुम्ही प्रत्यक्ष ऐकला आहे असा माणूस असेल तर उत्तम. गाण्यातली खोट कान खपवून घेतात, ओळखीच्या माणसाचा आवाज बदलला तर लगेच खटकतं.

पहिली पायरी: जॅक आणि पिन

मोबाइलची टॉर्च लावून लॅपटॉपच्या जॅकमध्ये डोकवा. पिशवीत, गादीवर वापरलेल्या लॅपटॉपच्या जॅकच्या तळाशी कापसाच्या बारीक गोळ्यासारखा कचरा दाबून बसलेला असतो. पिन पूर्ण आत जात नाही. लॅपटॉप बंद करा आणि लाकडी टूथपिकने तो हलकेच उकरून काढा. सेफ्टी पिन, सुई असलं काही घालू नका, आतल्या पत्र्या वाकल्या की जॅकच बदलावा लागतो. पिनही कोरड्या फडक्याने पुसा.

पिन अर्धवट बसली असेल तर एक गमतीशीर गोष्ट होते. गाणाऱ्याचा आवाज गायब होतो आणि मागची वाद्यं तेवढी पोकळ घुमत राहतात, कराओकेसारखी. दोन्ही कानांची परतीची तार एकच असते. ती सुटली की तुम्हाला फक्त डाव्या-उजव्या आवाजातला फरक ऐकू येतो. गायक दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो वजा होऊन जातो. मोनो रेकॉर्डिंग लावलंत तर जवळपास सगळंच नाहीसं होईल. हीच तर खूण.

पिन नीट बसूनही हेच होत असेल तर माइकवाल्या इअरफोनच्या पिनेची जोडणी वेगळ्या पद्धतीची आहे. पिनेवर तीन काळ्या पट्ट्या असतात, म्हणजे चार भाग. त्यातले माइक आणि परतीची तार हे दोन भाग जुन्या काही इअरफोनमध्ये उलटे असतात. वायरीवरचं बटण दाबून धरल्यावर आवाज ठीक झाला तर नक्की हेच. यावर छोटं अदलाबदलीचं कनेक्टर मिळतं, पण त्यावर पैसे घालण्यापेक्षा तो इअरफोन सोडून द्या.

दुसरी पायरी: कानात तो बसतो कसा

ही पायरी सगळे वगळतात, आणि सगळ्यात जास्त फरक हिनेच पडतो.

कानाच्या आत घालायच्या इअरफोनचा खालचा आवाज कान हवाबंद झाला तरच ऐकू येतो. बारीकशी फट राहिली तरी ढोलाचा घुमार निसटून जातो आणि उरतो तो पत्र्यासारखा आवाज. ढोलाचं रेकॉर्डिंग लावा आणि दोन्ही इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. एकदम घुमार वाढला तर तुमची रबरं लहान आहेत. बॉक्समध्ये तीन मापांची रबरं येतात. बहुतेक जण मधलं माप लावलेलं असतं तेच आयुष्यभर वापरतात, बाकीची दोन बॉक्सबरोबर हरवतात. तीनही लावून पाहा. दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागलं तर गोंधळून जाऊ नका, माझ्या डाव्या कानाला मोठं आणि उजव्याला मधलं लागतं. लावताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची आणि इअरफोन जरा फिरवत बसवायचा.

भाच्याच्या बाबतीत निम्मं काम इथेच झालं. त्याचं एक रबर हरवलं होतं आणि त्याने दुसऱ्या कुठल्यातरी इअरफोनचं बसवलं होतं. घरातल्या डब्यातून जोडी शोधून दिली आणि त्याचे डोळेच मोठे झाले.

मग जाळी पाहा. कानातला मळ इअरफोनच्या तोंडावरच्या जाळीत अडकतो आणि एका बाजूचा आवाज हळूहळू बारीक होत जातो. तो इतका हळू होतो की आपल्या लक्षातही येत नाही. इअरफोन उलटा, जाळी जमिनीकडे करून धरा आणि कोरड्या मऊ टूथब्रशने झटका. उलटा धरायचा कारण मळ खाली पडायला हवा, आत जाता कामा नये. पाणी, सॅनिटायझर काही नको.

आता मोनो रेकॉर्डिंग लावा. गायक मधोमध आहे का? नसेल तर इअरफोनची अदलाबदल करा, डावा उजव्या कानात आणि उजवा डाव्यात. सरकलेला आवाज आता दुसऱ्या बाजूला गेला तर दोष इअरफोनचा, जॅकचा किंवा सेटिंगचा. अदलाबदल करूनही त्याच कानाकडे झुकलेला राहिला तर दोष बसवण्याचा किंवा तुमच्या कानाचा. कानात मळ साठला असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे जा. किल्ली, काडी, कापसाची काडी यांपैकी काहीही कानात घालू नका, मळ आणखी आत ढकलला जातो.

कानावर बसणारा मोठा हेडफोन असेल तर गाद्या पाहा. कृत्रिम चामड्याच्या गाद्या दोन-तीन पावसाळ्यांत सुटून काळे पापुद्रे पडू लागतात, आणि फट राहिली की तिथूनही घुमार गळतो. बऱ्याच मॉडेलच्या सुट्या गाद्या मिळतात, नव्या हेडफोनपेक्षा कितीतरी स्वस्तात. चष्म्याच्या काड्यांनीही फट पडते. त्याला इलाज म्हणजे बारीक काडीचा चष्मा किंवा आत घालायचा इअरफोन.

तिसरी पायरी: विंडोजच्या सेटिंगमधली भुतं

सेकंडहँड लॅपटॉप असेल तर ही पायरी नीट करा. आधीच्या माणसाने काय काय चालू करून ठेवलंय ते तुम्हाला माहीत नसतं.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, तिथून ॲक्सेसिबिलिटी आणि त्यात ऑडिओ. 'मोनो ऑडिओ' चालू असेल तर बंद करा. ज्यांना एका कानाने कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी ती फार कामाची सोय आहे, बाकीच्यांचं गाणं तिने सपाट होतं. मग सिस्टीम, साउंड आणि तुमचा हेडफोन. तिथे डाव्या-उजव्याचे आकडे सारखे आहेत का बघा. भाच्याकडे डावा १०० आणि उजवा ८२ निघाला. कोणी केलं, कशाला केलं, देव जाणे.

त्याच पानावर 'ऑडिओ एनहान्समेंट्स' असतं. ते बंद करून तीन रेकॉर्डिंग ऐका, चालू करून ऐका. शिवाय लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं आवाजाचं ॲप असतं, डॉल्बी, डीटीएस, वेव्हज असं काही नाव असलेलं. त्यातला 'मूव्ही' किंवा 'सराउंड' प्रकार लॅपटॉपच्या इवल्याशा स्पीकरसाठी ठीक असतो. हेडफोनवर त्याने आवाज न्हाणीघरातून आल्यासारखा होतो. हेडफोनसाठी ते बंद ठेवा.

साउंडच्या पानात खाली 'मोअर साउंड सेटिंग्ज' आहे, त्यातून जुनी खिडकी उघडते. 'कम्युनिकेशन्स' या टॅबमध्ये बहुधा 'इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करा' निवडलेलं असतं. कॉल सुरू होताच गाणं एकदम बारीक होतं ते यामुळेच. 'काहीही करू नका' निवडा. फॉरमॅटच्या यादीत २४ बिट, ४८००० हर्ट्झ ठेवा आणि पुढे चला. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा; इथे तो आकडा सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते सांगतो. तिथे १९२००० पण दिसेल आणि मोह होईल. माणसाचा कान २०००० हर्ट्झच्या वरची कंपनं ऐकत नाही, आणि त्यासाठी दुपटीहून थोडे जास्त नमुने, म्हणजे सीडीचे ४४१०० सुद्धा, पुरेसे असतात.

ब्लूटूथवाल्यांची एक वेगळीच व्यथा असते. गाणं छान चाललेलं असतं, मीटिंग सुरू झाली की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. ब्लूटूथवर गाण्याची वाट वेगळी आणि बोलण्याची वाट वेगळी. हेडफोनचा माइक चालू झाला की सगळंच बोलण्याच्या अरुंद वाटेवर उतरतं. यावर फुकटचा उपाय आहे. मीटिंगच्या ॲपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा आणि ऐकण्यासाठी हेडफोन ठेवा. आवाज लगेच परत येतो.

ड्रायव्हर, म्हणजे साउंड कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायचाच असेल तर लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून, तुमच्या मॉडेलचा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' वाली ॲप्स लांब ठेवा.

चौथी पायरी: गाणं येतं कुठून

लहान पायरी आहे. पेनड्राइव्हवर दहा वर्षं फिरत आलेलं १२८ केबीपीएसचं (हा आकडा जितका लहान तितकं गाणं जास्त दाबलेलं) एमपीथ्री कुठल्याही हेडफोनवर झांजेचा फिस्सफिस्स आवाजच देणार. नावात ३२० लिहिलं म्हणून ते ३२०चं होत नाही. १२८ची फाइल फुगवून ३२० केली तर फक्त जागा जास्त लागते. स्पॉटिफायचं फुकट खातं वापरत असाल तर ब्राउझरऐवजी त्यांचं ॲप उतरवा. ब्राउझरमध्ये १२८ मिळतात, ॲपमध्ये सेटिंग केल्यावर १६०. यूट्यूबचं अधिकृत अपलोड साध्या ऐकण्याला पुरेसं असतं, फक्त कोणीतरी टीव्हीसमोर मोबाइल धरून केलेलं अपलोड नको.

पाचवी पायरी: घरघर, चरचर आणि हाताला मुंग्या

कानात सतत घूंऽऽ असा आवाज येत असेल तर चार्जर काढा आणि बॅटरीवर ऐका. आवाज गेला का? मग हेडफोन निर्दोष आहे, दोष विजेच्या बाजूचा.

लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर बारीक मुंग्या येत असतील तर तेही त्याच गोष्टीचं लक्षण. चार्जरमधून अगदी थोडी वीज लॅपटॉपच्या अंगावर येत राहते. तीन पिनी चार्जरला अर्थिंग मिळालं तर ती तिथून निघून जाते. अर्थिंग नसेल तर ती तुमच्या बोटातून आणि हेडफोनच्या वायरीतून वाट काढते. रविवार कारंजा, पंचवटीकडच्या जुन्या वाड्यांमध्ये, आणि कॉट बेसिसच्या खोल्यांमध्ये जिथे एका प्लगवर चार एक्स्टेंशन लटकतात तिथे, अर्थिंगची तार नसणं नवीन नाही. प्लगला तीन भोकं दिसतात, तिसऱ्याच्या मागे काहीच नसतं.

म्हणून तीन पिनी चार्जरला दोन पिनी कनेक्टर लावू नका. दुसऱ्या खोलीतला प्लग वापरून बघा. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या आणि घरमालकाला सांगा. हे हेडफोनपेक्षा महत्त्वाचं आहे, कारण फ्रिज आणि गिझरही त्याच घरात असतात. स्वतः प्लग उघडून न्यूट्रल आणि अर्थ जोडण्याची 'युक्ती' कोणी सांगितली तर ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो. तोवर ऐकायचं तर बॅटरीवर ऐका.

लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडलेला असताना घरघर येते आणि ती वायर काढली की जाते, असंही होतं. दोन उपकरणं दोन वेगळ्या प्लगमधून अर्थिंग घेतात आणि त्यांच्यात एक वळसा तयार होतो. दोन्ही एकाच एक्स्टेंशनवर घ्या.

मात्र बॅटरीवरही बारीक हिस्स येत असेल, माउस हलवला की चरचर वाढत असेल, तर तो लॅपटॉपच्या आतल्या सर्किटचा गोंगाट. तो सेटिंगने जात नाही. त्याच्यासाठी पैसे, पण ते पुढे.

सहावी पायरी: इक्वलायझर, फुकटातलं सर्वांत मोठं काम

आवाजातला खालचा, मधला, वरचा भाग वेगवेगळा कमी-जास्त करायची सोय म्हणजे इक्वलायझर. इक्वलायझर एपीओ हे त्याचं विंडोजसाठीचं मोफत सॉफ्टवेअर. त्याच्यावर बसणारं पीस नावाचं दुसरं मोफत सॉफ्टवेअर त्याला सरकवायच्या पट्ट्यांचा चेहरा देतं. आधी एपीओ टाका. टाकताना यादी येते, तिथे तुमच्या हेडफोनच्या नावापुढे खूण करा. लॅपटॉप रीस्टार्ट करा. मग पीस टाका.

इथे एक ठेच सगळ्यांना लागते. तिसऱ्या पायरीत आपण विंडोजचं 'ऑडिओ एनहान्समेंट्स' बंद करून पाहिलं होतं. एपीओ त्याच दारातून आत येतं. ते बंद असेल तर तुम्ही पट्ट्या कितीही हलवा, आवाजात ढिम्म फरक पडणार नाही. ते पुन्हा चालू करा, आणि कंपनीचे इफेक्ट त्यांच्या ॲपमध्ये जाऊन बंद ठेवा. ड्रायव्हर बदलला की कधी कधी एपीओ सुटतं, तेव्हा त्याच्या यादीत जाऊन पुन्हा खूण करायची.

आता प्री-ॲम्पची पट्टी, म्हणजे सगळा आवाज एकदम कमी-जास्त करणारी. हिच्याशिवाय काहीही वाढवू नका. कुठलीही पट्टी ६ डेसिबलने वर नेली तर प्री-ॲम्प उणे ६ वर आणा. नाहीतर आवाज वरच्या मर्यादेवर आपटून फाटतो. लोक तेव्हा म्हणतात, इक्वलायझरने आवाज खराब होतो. इक्वलायझरने नाही होत, प्री-ॲम्प विसरल्याने होतो.

तुमच्या मॉडेलचं माप आधीच कोणी घेतलेलं असेल तर काम फारच सोपं. ऑटोईक्यू नावाचा मुक्त प्रकल्प आहे, त्याच्या यादीत हजारो हेडफोन आहेत. आपलं मॉडेल शोधायचं, खाली इक्वलायझर एपीओचा प्रकार निवडायचा, फाइल उतरवायची आणि पीसमध्ये घ्यायची. मॉडेल अगदी तेच हवं. नावात एक 'प्रो' जास्त असला तरी आवाज वेगळा असतो. आपल्याकडच्या स्वस्त इअरफोनपैकी पुष्कळ या यादीत सापडत नाहीत. सापडलं नाही तर दुसऱ्याचं लावू नका, कानाने करा.

कानाने करायचं तर आधी कमी करा, वाढवणं शेवटी. आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो तेव्हा २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास ३-४ डेसिबल कमी करून पाहा. 'स' आणि 'श' टोचत असतील तर ६००० ते ८००० मधून थोडं काढा. बोलणं अस्पष्ट वाटत असेल तर २००० ते ४००० मध्ये २ डेसिबल वाढवा. माझ्या कामाला ही एक पट्टी इतकी उपयोगी पडली की पुटपुटणाऱ्या साहेबांच्या बैठका टाइप करायला मला आता निम्मा वेळ लागतो. एका वेळी एकच पट्टी हलवायची. हलवल्यावर दहा मिनिटं ऐकायचं. मग चालू-बंद करून बघायचं. रात्री उशिरा केलेली सेटिंग सकाळी एकदा ऐकल्याशिवाय पक्की करू नका, थकलेला कान टोचणारं काही ऐकतच नाही.

लिनक्सवर हेच काम इझीइफेक्ट्स करतं, मॅकवर ईक्यूमॅक.

भाच्याच्या इअरफोनमध्ये २५० हर्ट्झला ४ डेसिबल कमी केले आणि डबा बराचसा उघडला. ढोल मात्र तरीही उठेना. खाली ६० हर्ट्झला वाढवला तर नुसती फडफड. त्या इअरफोनचा आतला पडदाच इतका खाली जात नव्हता. जे तो वाजवूच शकत नाही ते इक्वलायझर आणू शकत नाही. पैसे घालायची वेळ येते ती इथे.

सातवी पायरी: आता पाकीट

पैसे आधी कानातल्या वस्तूवर घाला, कारण आवाज प्रत्यक्ष तीच करते. दोन हजारांत वायरवाला, कानात घालायचा इअरफोन घ्या. एवढ्याच पैशांच्या ब्लूटूथमध्ये बॅटरी, चिप, माइक, डबी हे सगळं भागवायचं असतं, आवाजाच्या वाट्याला थोडंच उरतं. गेल्या काही वर्षांत चिनी कंपन्यांनी या किमतीत कमाल केली आहे. हजाराच्या आत केझेडची मॉडेलं, दीड ते अडीच हजारांत मूनड्रॉप चू, सेव्हन हर्ट्झ सॉल्नोट्स झीरो, टँगझू वान-अर अशी नावं आहेत. त्यांचं माप अनेकांनी घेतलेलं आहे, त्यामुळे ऑटोईक्यूमध्ये सापडायची शक्यता चांगली. जमल्यास वायर सुटी होणारं मॉडेल घ्या. इअरफोन मरतो तो बहुतेक वेळा पिनेपाशी वायर तुटून, आणि सुटी वायर काही शेकड्यांत बदलता येते. मॉडेल घेताना माइकवाली वायर हवी की बिनमाइकची ते नीट बघा, दोन्ही वेगवेगळी विकतात.

कानात काही घालणं ज्यांना सहनच होत नाही त्यांना या किमतीत मोठ्या हेडफोनचे फार चांगले पर्याय नाहीत, हे खरं सांगते. शिवाय एप्रिल-मेमध्ये दुपारी कानावर गादी घेऊन बसणं काय असतं ते मी भोगलं आहे.

खोक्यावरच्या आकड्यांकडे दुर्लक्ष करा. '५० एमएम ड्रायव्हर' म्हणजे पडदा मोठा, चांगला असं नाही. '२० ते २०००० हर्ट्झ' तर शंभर रुपयांच्या इअरफोनवरही छापलेलं असतं. बघायचा आकडा मुख्यतः एकच, ओहम, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो ते. १६ ते ३२ ओहम लॅपटॉपला सहज झेपतात. २५० किंवा ३०० ओहमचा स्टुडिओ हेडफोन कोणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका, लॅपटॉपवर तो कुजबुजेल.

डॅक कधी घ्यायचा? लॅपटॉपचा जॅक ढिला झाला असेल, बॅटरीवरही हिस्स-चरचर येत असेल, किंवा पूर्ण मोठा करूनही आवाज पुरत नसेल तेव्हा. तेव्हाही मोठं खोकं नको. मोबाइलसाठी मिळतो तो यूएसबी सीचा छोटा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचून हेडफोन लावायचा तुकडा, पुरतो. ॲपलचा डोंगल हजाराच्या आसपास मिळतो आणि मापांत कितीतरी महागड्या डब्यांना मागे टाकतो. विंडोजवरही नीट चालतो. तुमच्या लॅपटॉपला जुनाच चौकोनी यूएसबी असेल तर वेगळा कन्व्हर्टर लागेल. मोबाइलचा डोंगल घेताना एक काळजी घ्या. काही अगदी स्वस्त डोंगलमध्ये डॅक नसतोच, ते फक्त मोबाइलमधला आवाज तारेने बाहेर काढतात. लॅपटॉपला लावले तर मुके राहतात. दुकानात आपल्या लॅपटॉपला लावून वाजवून दाखवा म्हणायचं. त्यावर '७.१' लिहिलेलं असेल तर माझ्या माळ्याची आठवण ठेवा.

संध्याकाळी आम्ही एम. जी. रोडला प्रधान पार्कमध्ये गेलोच. "ताई, हा घ्या, बेस एकदम जबरदस्त," म्हणत दुकानदाराने चार खोकी पुढे टाकली. बेस जबरदस्त असतो, खोटं नाही सांगत ते. त्याच्याखाली बाकी सगळं गाडलं जातं. ढोल लावला तर मजा, बोलणं लावलं तर माणूस गोधडी पांघरून बोलतोय. तिथल्या गर्दीत, रिक्षांच्या हॉर्नमध्ये इअरफोन ऐकून निवडता येत नाही, आणि कोणताही इअरफोन गोंगाटात जास्त बेसचाच बरा वाटतो. ऐकायचाच असेल तर सकाळी दुकानं उघडता उघडता जा, आपला लॅपटॉप आणि आपली तीन रेकॉर्डिंग घेऊन. नामांकित कंपनीचा माल अर्ध्या किमतीत मिळत असेल तर तो त्या कंपनीचा नाही. पक्कं बिल घ्या, वॉरंटीला तेच लागतं. त्या बाजारातून आम्ही काय घेतलं तर वेगवेगळ्या मापांच्या रबरांचं एक पाकीट. इअरफोन ऑनलाइन मागवला, दीड हजाराच्या जरा वर गेला.

नवा इअरफोन आला की पहिल्या दिवशीच मोनो रेकॉर्डिंग लावून गायक मधोमध आहे का बघा. स्वस्त मालात दोन बाजू कमी-जास्त निघणं हा नेहमीचा दोष, आणि परत करायची मुदत थोड्या दिवसांची असते. 'शंभर तास वाजवल्यावर खुलेल' असं विकणारा सांगेल. मुदत संपेपर्यंत थांबवायची ती चांगली युक्ती आहे.

आवाज किती ठेवायचा

कान नीट बंद झाला की बाहेरचा गोंगाट कमी होतो आणि कमी पातळीवरही सगळं ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे. ९० डेसिबलला तीच ४ तासांवर येते, म्हणजे जरासा आवाज वाढवला की वेळ किती झपाट्याने कमी होते बघा. घरी मोजायचं यंत्र नसतं, म्हणून मी साधी खूण ठेवली आहे. शांत खोलीत बसून आरामात ऐकू येईल तिथे पातळी लावायची आणि त्या आकड्यावर चिकटपट्टीचा तुकडा मनात लावून ठेवायचा. सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकावरून, बसमध्ये बसल्यावर तो आकडा वाढवावासा वाटतो. तेव्हा रबर दाबून बघायचं, आकडा नाही. झोपताना इअरफोन घालून झोपत असाल तर विंडोजमध्ये टायमर लावा, सकाळी कान दुखत उठायचं नसेल तर.

भाच्याकडे तीनशेच्या वर पैसे उरले. त्याने ते वर्गातल्या एका मुलाला दिले, त्याच्याकडे सोनेरी टोकांची वायर विकायला होती. मी काही बोलले नाही. माळ्यावर अजून जागा आहे.